भाडेकरूने पाण्याचं बिल थकवलं तर काय करायचं? नवीन घरमालकांसाठी पहिल्यापासून

दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून गेलं तेव्हा आम्ही अजून गावाकडेच राहायचो. मी त्या दिवशी शहरात आले, खोल्या बघितल्या, भिंती ठीक होत्या, चावी घेतली आणि डिपॉझिटचे तीस हजार त्यांच्यासमोरच ट्रान्सफर करून टाकले. तीन आठवड्यांनी पाण्याचं बिल हातात पडलं, मागची थकबाकी धरून ९,८६० रुपये. मधली बिलं जिन्याखालच्या कोनाड्यात पडलेली सापडली, कुणी उघडूनसुद्धा बघितली नव्हती. अ‍ॅग्रीमेंट काढून वाचलं तर त्यात "लाईट बिल भाडेकरू भरेल" एवढंच, पाण्याबद्दल एक अक्षर नाही. त्यांना फोन केला, दोनदा उचलला, "काकू, बघतो आणि सांगतो", तिसऱ्यांदा उचललाच नाही. पैसे आम्ही भरले.

त्यानंतर आम्ही तळमजल्यावर राहायला आलो, वरचे दोन मजले भाड्याने देतोय, आणि पाण्याच्या पैशावरून भांडण कसं होऊ द्यायचं नाही हे हळूहळू शिकले. आता ओळखीतलं कुणी पहिल्यांदा घर भाड्याने देत असेल तर मी हे सगळं बसून सांगते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढूया. माझा अनुभव महाराष्ट्रातला आहे आणि कायदापण इथलाच सांगतेय.

पहिलं काम: बिल कुणाच्या नावावर येतं ते बघा

लाईटचं मीटर प्रत्येक घराला वेगळं असतं, दर महिन्याला बिल येतं, नाही भरलं तर कनेक्शन तोडायला माणूस येतो, त्यामुळे भाडेकरू आपणहून भरतो आणि मालकाला त्यात पडावं लागत नाही. पाण्याचं तसं होत नाही. नळजोड मालकाच्या नावावर असतो, बिल बऱ्याच ठिकाणी दोन-तीन महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा येतं, आणि भाडेकरू निघून गेला तरी थकबाकी घरावरच राहते. पालिकेचा माणूस तुमच्याकडे येणार, भाडेकरूने वापरलं हे त्याला सांगून उपयोग नाही, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे.

शहराशहरात पद्धत वेगळी आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत राहत्या घरांची पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते, त्यामुळे तिथे बहुतेक मालक ती भाड्यातच धरतात. पिंपरी-चिंचवडमध्ये मीटरप्रमाणे वेगळं बिल येतं. मुंबईत मीटर बहुतेक सोसायटीचा मिळून असतो, आणि सोसायटी ते पैसे मेंटेनन्समधून वसूल करते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नमुना नियमावलीत, पाण्याचा खर्च प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार बघून वाटायचा असं आहे, म्हणजे फ्लॅटमध्ये दोन माणसं राहोत की सात, आकार तोच. सोसायटीचं बिल सभासदाच्या नावावर असतं, तुमचा भाडेकरू सोसायटीसाठी सभासद नाही, त्यामुळे थकलं की व्याज तुमच्यावर लागतं, आणि ते उपविधीप्रमाणे वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत असू शकतं. (फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी जे ना-भोगवटा शुल्क घेते ते वेगळं, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे. पाण्याच्या नावाखाली ते दोनदा लागलंय का तेवढं एकदा बघून घ्या.)

बिल हातात घेऊन ग्राहक क्रमांक, नाव, मीटर नंबर तपासा. आमच्या बिलावर सासऱ्यांचं नाव आणि बंद पडलेला लँडलाईन नंबर होता, म्हणजे मेसेज यायचा प्रश्नच नव्हता. पालिकेत जाऊन मोबाईल नंबर बदलून घेतला, अर्धा तास लागला. भाड्याने द्यायच्या आधी एवढं कराच, आणि जुनी थकबाकी असेल तर ती स्वतः भरून शून्य करा, नाहीतर पुढे कुठलं तुमचं आणि कुठलं त्यांचं हे कुणालाच सांगता येणार नाही.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये पाण्याचं वाक्य

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एजंट तयार मसुदा आणतात, त्यात "वीज, पाणी वगैरे खर्च भाडेकरू करेल" असं गुळमुळीत लिहिलेलं असतं आणि आपण सही करतो. "वगैरे"वर वसुली होत नाही. किती, कशावरून मोजायचं, कधी द्यायचं, नाही दिलं तर काय, या चार गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. आम्ही आता हे असं घालतो:

"सदर जागेच्या पाणी वापराचा आकार लायसेन्सी भाड्याव्यतिरिक्त भरेल. वापराची मोजणी जागेच्या उपमीटरवरील रीडिंगनुसार होईल. ताबा देतेवेळी रीडिंग इतके असून ते दोघांना मान्य आहे. आकार दर महिन्याच्या भाड्यासोबत द्यायचा आहे. थकीत पाणी आकार अनामत रकमेतून वळता करता येईल आणि जागा सोडताना उरलेली रक्कम परत केली जाईल."

लायसेन्सी म्हणजे भाडेकरू, आणि उपमीटर म्हणजे त्याच्या घराच्या लाईनवरचा वेगळा मीटर, त्याचं पुढे सांगते. भाषा जरा सरकारी वाटते पण चालेल, एजंटला सांगून इतर अटींमध्ये टाकून घ्या. उपमीटर नसेल आणि लावायचापण नसेल तर सरळ ठराविक रक्कम लिहा, महिन्याला दोनशे की तीनशे जे काय ठरेल ते, आणि "बिल वाढल्यास फरक बिल दाखवून घेतला जाईल" हेपण लिहा. फ्लॅट असेल तर मेंटेनन्स कोण भरणार, त्यात पाणी धरलंय का, आणि उन्हाळ्यात टँकर मागवले तर त्याची जास्तीची वर्गणी कोण देणार, तेवढं टँकरचं विसरू नका, मे महिन्यात सगळी वादावादी त्यावरूनच होते.

आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करा, नोटरी करून भागवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, जोपर्यंत तुम्ही उलट सिद्ध करत नाही तोपर्यंत. म्हणजे तो म्हणाला "पाणी भाड्यातच होतं", की संपलं. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठराविक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याच्या कराराची, नोंदणी ऑनलाईन होते, आधारवर अंगठा देऊन घरबसल्या, पालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००, आणि स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिट असेल तर त्यावरचं थोडं धरून. आमच्या त्या थकलेल्या बिलाएवढासुद्धा खर्च नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर मधूनमधून "नवीन भाडे कायदा आला" असे फॉरवर्ड फिरतात. केंद्राने २०२१ मध्ये एक नमुना कायदा मंजूर केला होता, पण भाड्याचा विषय राज्याचा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चा कायदा बघायचा.

चावी देताना मीटरचा फोटो

आमचा मुख्य मीटर फाटकाजवळच्या चेंबरमध्ये आहे. लोखंडी झाकण उचललं की आत चिखल, एखादी गोगलगाय, आणि मीटरच्या काचेवर आतून बाष्प. जुनं फडकं आणि मोबाईलची टॉर्च घेऊनच जावं लागतं, काच पुसली की आकडे दिसतात. काळे आकडे म्हणजे पूर्ण घनमीटर, आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर, यालाच आपण युनिट म्हणतो. लाल आकडे किंवा छोट्या लाल काट्यांच्या तबकड्या हे त्याखालचे लिटर. बऱ्याच मीटरवर मध्ये एक बारीक चक्री असते, थोडंसं पाणी वाहत असलं तरी ती फिरते, ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

भाडेकरूला सोबत घेऊन जा, त्याच्यासमोर मीटरचा, उपमीटर असेल तर त्याचा, फोटो काढा, आकडा आणि मीटर नंबर दोन्ही दिसले पाहिजेत, आणि तिथेच उभं राहून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, "आजचं रीडिंग ३१२, बरोबर आहे ना?" आणि त्याचं "हो" येऊ द्या.

उपमीटर आणि महिन्याचा हिशोब

एका नळजोडावर दोन-तीन कुटुंबं असतील तर उपमीटर लावाच. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक मजल्याला वेगळी लाईन उतरते, त्या प्रत्येक लाईनवर एकेक लावला. प्लंबरला तीन गोष्टी सांगायच्या: मीटर आडवा बसव, बाण पाणी जातं त्या दिशेला ठेव, आणि आधी एक जाळी म्हणजे स्ट्रेनर टाक, नाहीतर टाकीतला गाळ जाऊन मीटर अडकतो. टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब कमी असतो त्यामुळे एकदम बारीक धार किंवा थेंब थेंब गळती उपमीटर पूर्ण पकडत नाही, मुख्य मीटर आणि उपमीटरांची बेरीज कधीच जुळत नाही त्याचं हे एक कारण.

समजा मुख्य मीटर या महिन्यात १,४८२ वरून १,५३० वर गेला. म्हणजे ४८ युनिट. उपमीटरवर तळमजला १५, पहिला मजला १४, दुसरा १६, बेरीज ४५. उरले ३, म्हणजे तीन हजार लिटर. जिना धुणं, झाडं, आणि कुठेतरी थोडी गळती. हे तीन युनिट मी माझ्या खात्यात घेते. ते भाडेकरूंवर वाटले तरी कुणी बोलणार नाही कदाचित, पण त्यांनी न वापरलेल्या पाण्याचे पैसे घेतले की उद्या वापरलेल्याचे मागताना तोंड राहत नाही. बिल समजा ७२० रुपये आलं, भागिले ४८, म्हणजे युनिटला १५ रुपये, दुसऱ्या मजल्याचे झाले २४०. बिल तीन महिन्यांनी येत असेल तर मागच्या बिलाच्या दराने दरमहा घेत राहा आणि बिल आलं की फरक जुळवा.

इथे एक बघायचं, पाण्याचे दर बहुतेक ठिकाणी टप्प्याने चढतात, त्यामुळे तीन घरांचं पाणी एका कनेक्शनवर मोजलं गेलं तर सगळेच वरच्या टप्प्यात जातात आणि कुणाची चूक नसताना बिल फुगतं. एका जोडावर किती कुटुंबं आहेत याची नोंद पालिकेकडे करता येते का ते पाणीपुरवठा विभागात जाऊन विचारा. आणि त्या दरावर स्वतःचं काही वाढवू नका, पालिकेने लावलेला दरच घ्या आणि बिलाचा फोटो सगळ्यांना पाठवा.

माझा महिन्याचा मेसेज एवढाच असतो: "जुलैचं पाणी. मागचं रीडिंग ३१२, आजचं ३२८, वापर १६ युनिट, दर १५, एकूण २४० रुपये. मीटरचा आणि बिलाचा फोटो सोबत आहे. भाड्यासोबत पाठवा." २४० रुपये कुणी थकवत नाही हो. तेच चौदा महिन्यांचे ३,३६० एकदम मागितले की ज्याचा पगार महिन्याच्या वीस तारखेला संपतो त्याच्या पोटात गोळा येतो, आणि मग तो फोन उचलायचं टाळतो. बहुतेक थकबाकी ही अशी मालकाने वेळेवर न मागितल्यामुळे झालेली असते, माझ्या पहिल्या भाडेकरूचीसुद्धा.

बिल अचानक वाढलं तर आधी गळती शोधा

एका उन्हाळ्यात पहिल्या मजल्याचे युनिट चौदाच होते पण मुख्य मीटर नव्वदच्या घरात गेला. मी सरळ वरच्या वहिनींना विचारलं की तुम्ही गच्चीवरच्या नळाने काही धुताय का, पाणी भरून ठेवताय का, माझा स्वर चांगला नव्हता. त्या महिन्यात त्यांच्याकडून बाराशे रुपये जास्तीचे घेतले. पुढच्या महिन्यात प्लंबर टाकी धुवायला चढला तेव्हा कळलं की टाकीतल्या बॉलकॉकचा वॉशर गेला होता, टाकी भरली तरी पाणी येतच राहायचं आणि ओव्हरफ्लोचा पाईप आम्ही पावसाळी पाईपला जोडलेला असल्यामुळे पाणी भिंतीच्या आतून गटारात जात होतं, कुणाला दिसायचंच नाही. मी खाली येऊन त्यांना बाराशे परत दिले आणि माफी मागितली. ओव्हरफ्लोचा पाईप आता मुद्दाम फाटकाच्या बाजूला बाहेर काढलाय, धार पडली की येणारा-जाणारा बेल वाजवतो.

म्हणून भाडेकरूला बोलायच्या आधी हे करा. रात्री सगळ्यांना सांगून नळ बंद ठेवा आणि उपमीटरची ती बारीक चक्री बघा, फिरत असेल तर त्या मजल्यावर गळती आहे. गच्चीच्या टाकीला रात्री पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करा, टाकीत येणारा आणि खाली जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, सकाळी पातळी उतरली असेल तर टाकीच गळतेय. कमोडच्या फ्लश टाकीत चिमूटभर नीळ टाका, फ्लश न करता वीस मिनिटांनी भांड्यात निळं पाणी उतरलं तर आतलं रबर गेलंय, आणि हे रबर सगळ्यात फसवं, आवाज नाही, ओल नाही, नुसतं पाणी जात राहतं.

किती जातं याचा हिशोब करून बघा. गळक्या नळाखाली एक लिटरचा मग ठेवा. दोन मिनिटांत भरला तर दिवसाला ७२० लिटर, महिन्याला साडेएकवीस युनिट. आपल्याकडे शहरांत माणशी दिवसाला १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष धरतात, त्या हिशोबाने चार माणसांच्या घराला महिन्याला सोळा युनिट लागतात. म्हणजे एक गळका नळ एका अख्ख्या कुटुंबापेक्षा जास्त पाणी पितो. हा सोळाचा आकडा लक्षात ठेवायला चांगला आहे, चार जणांचं घर आणि पंचवीस-तीस युनिट येत असतील तर काहीतरी बघायला हवं.

गळतीचे पैसे कुणाचे? मी असं धरते: भिंतीतले पाईप, टाकी, बॉलकॉक हे मालकाचं. घरातला नळ, फ्लश गळतोय हे भाडेकरूने सांगितलं आणि मी दुरुस्त केलं नाही तर त्या दिवसापासून माझं. त्याने सांगितलंच नाही तर त्याचं. हेपण अ‍ॅग्रीमेंटमध्ये एका ओळीत लिहिता येतं. मीटरच बंद किंवा काच आंधळी असेल तर सरासरीने बिल येतं, त्याची तक्रार लेखी करा आणि पोच घ्या.

खरंच थकलं, आता काय

गळती नाही, रीडिंग बरोबर आहे, आणि दोन महिने पैसे आले नाहीत. आधी जाऊन बोला, फोनवर नको. दारात उभं राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं तर अजिबात नको. "काही अडचण आहे का?" इथून सुरुवात करा, नोकरी गेली असते, आजारपण असतं, कधीकधी नवऱ्याला वाटत असतं बायकोने दिले आणि बायकोला वाटत असतं त्याने दिले. हप्ते करून द्या, पण आकडा ठरवून: "एकूण १,४४० आहेत, दर पाच तारखेला ४८०, तीन महिने." बोलणं झालं की तेच त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा.

दुसरं, पालिकेचं बिल तुम्ही वेळेवर भरून टाका. "तो देईल तेव्हा भरू" असं करू नका. उशीर झाला की दंड चढतो, नंतर नळजोड तोडायची नोटीस येते, आणि तीन मजल्यांचं पाणी एकासाठी बंद होतं, ज्यांनी वेळेवर पैसे दिलेत त्यांचंसुद्धा. भरलेल्या पावतीवर पुढे मागता येतं, न भरलेल्या बिलावर फक्त वाद घालता येतो.

आणि एक गोष्ट कधीही करायची नाही. वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह फिरवायचा नाही. हे मी परत परत सांगते कारण रागाच्या भरात सगळ्यात सोपं तेच असतं, गच्चीवर जायचं, चावी फिरवायची. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये घरमालकाने रास्त आणि पुरेसं कारण नसताना भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडायचा किंवा रोखायचा नाही असं स्पष्ट आहे, त्यात पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई सगळं येतं, भाडेकरू कोर्टात जाऊन पुरवठा सुरू करून घेऊ शकतो आणि मालकाला शिक्षा होऊ शकते. लिव्ह अँड लायसन्सवाला कायद्याने भाडेकरू नाही म्हणून हे त्याला लागू नाही, असं कुणी सांगेल, त्या भरवशावर राहू नका. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या घरात लहान मूल असतं, म्हातारं माणूस असतं. पाचशे-हजार रुपयांसाठी कुणाच्या घरातलं पाणी तोडायचं नसतं. शिवाय तुमची बाजू बरोबर असूनही दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत तुम्हीच चुकीचे ठरता.

नोटीस कशी लिहायची

तोंडी आणि व्हॉट्सअ‍ॅपने झालं नाही तर स्वतःच साधं पत्र लिहा, पहिल्याच पत्राला वकील लागत नाही. वर तारीख, दोघांची नावं, घराचा पत्ता, अ‍ॅग्रीमेंटचा दस्त क्रमांक आणि तारीख. मग अ‍ॅग्रीमेंटमधलं पाण्याचं वाक्य जसंच्या तसं. मग महिनावार रीडिंग, युनिट, दर, रक्कम, आधी मिळालेले पैसे वजा, बाकी किती. शेवटी "पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत भरावेत, अन्यथा अटीप्रमाणे अनामत रकमेतून वळते केले जातील." शिव्या, टोमणे, "तुमच्यासारखी माणसं" काही नको, हे पत्र उद्या न्यायाधीश वाचू शकतात. स्पीड पोस्टने पोचीसह पाठवा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, एक प्रत आणि पोस्टाची पावती फाईलला लावा.

मुदत संपली आणि डिपॉझिटमधून वळते केले तर तसं लेखी कळवा, आणि डिपॉझिट पुन्हा पूर्ण भरायला सांगा. गुपचूप कापून शेवटच्या दिवशी सांगितलं की हमखास भांडण.

चॅट जपून ठेवा, फोन बदलताना बॅकअप घ्या. कोर्टात चॅट, फोटो दाखवायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते कसं करायचं ते वकील सांगतात, पण मूळ फोनमधलं चॅट पुसलेलं असेल तर तेही काही करू शकत नाहीत.

तो मुदत संपूनही जातच नसेल, किंवा देणं ठेवून गेला असेल

इथे लोक दोन वेगळ्या गोष्टी एक करतात. घर परत मिळवणं वेगळं आणि पाण्याचे पैसे मिळवणं वेगळं. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. लेखी करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा धरतात, समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. ही वाट घर मोकळं करून घ्यायची आहे.

नुसत्या पाण्याच्या पैशासाठी मात्र दिवाणी दावा लावावा लागतो, मुंबईसारखं जिथे लघुवाद न्यायालय आहे तिथे घरमालक-भाडेकरूचे वाद त्यात जातात, बाकी ठिकाणी दिवाणी न्यायाधीशांकडे. दुसऱ्याच्या वतीने भरलेले पैसे परत मागायला मुदत कायद्याप्रमाणे पैसे भरल्यापासून तीन वर्षं असतात. पण खरं सांगू का, तीन-चार हजारांसाठी दावा लावू नका. वकिलाची फी, तारखा, रजा, सगळं मिळून त्याच्या कितीतरी पट जातं. आमच्या ९,८६० साठी मी एका वकील ताईंना विचारलं होतं, त्यांनी अ‍ॅग्रीमेंट वाचलं आणि म्हणाल्या, यात पाण्याचं काहीच नाही, कशावर भांडणार? घरी जाऊन पुढचं अ‍ॅग्रीमेंट नीट करा. त्यांनी त्या सल्ल्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. रक्कम मोठी असेल, म्हणजे हॉस्टेल, मेस, गाळा, हॉटेलला दिलेली जागा, जिथे व्यावसायिक दराने बिल येतं आणि आकडा लाखात जातो, तिथे मात्र वकिलाची नोटीस लगेच पाठवा.

आणि पालिकेकडे तुमची स्वतःची थकबाकी फार साचली असेल तर राष्ट्रीय लोकअदालतीच्या तारखांवर लक्ष ठेवा, पाणीपट्टी-घरपट्टीची दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात दावा लागायच्या आधीची, प्रकरणं तिथे घेतात आणि तडजोड होऊ शकते. काही पालिका मधूनमधून दंड माफ करणारी अभय योजना काढतात, पण ती येईल म्हणून बिल थांबवून ठेवू नका.

घर सोडायच्या दिवशी

एक महिना आधी सांगा की शेवटच्या दिवशी रीडिंग घेऊन हिशोब होईल. त्या दिवशी आधी मीटर, मग घर बघणं, मग पैसे, हा क्रम मोडायचा नाही. मी आता भाडेकरूला घेऊनच उपमीटरपाशी जाते, फोटो, मग पायरीवर बसून वहीत दोघांसमोर लिहिते: डिपॉझिट ३०,०००, पाणी चालू महिना २२५, मागची बाकी ४८०, एकूण वजा ७०५, परत २९,२९५. पालिकेचं बिल अजून आलेलं नसेल तर शेवटच्या दराने हिशोब मिटवून टाकते. उपमीटर नसेल तर मात्र मागच्या बिलाएवढी रक्कम ठेवून घ्या, बिल आल्यावर फोटो पाठवून उरलेली परत करू असं लिहून द्या, आणि खरंच आठवडाभरात परत करा, पन्नास रुपये उरले असतील तरी.

वहीच्या पानावर दोघांची सही, पानाचा फोटो त्यांनाही पाठवायचा, "पाणी आणि इतर कुठलंही देणं-घेणं बाकी नाही" हे वाक्य त्यांच्या हाताने लिहून घ्यायचं. मग चावी. खोली रिकामी असताना त्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवा आणि आठवड्याने मीटर परत बघा, आकडा हलला असेल तर नवीन माणूस यायच्या आत प्लंबर बोलवा. आणि नवीन भाडेकरूचं पान वहीत त्याच आकड्याने सुरू करा.